तिसऱ्या हाकेपर्यंत

१

माझ्या घरात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली की मग मान वर करायची, असं माझ्या आईनं आम्हाला लावलं होतं. गरज असलेला माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही ते एकदा मारतं, फार तर दोनदा, आणि ओ मिळाली की आवाजामागं घेऊन जातं. बाकीचे लोक हे रात्रीपुरतं पाळतात. आम्ही भरदिवसाही पाळायचो. मी चौथीपर्यंत शिकलो आणि त्यातलं बहुतेक विसरलो, पण हे नाही विसरलो.

धंदा मात्र असा, की दिवसभर लोक हाकाच मारणार. अल्लीपूरचं किराणा दुकान विकून मी नव्वदीच्या सालात सावंगीला मोठ्या दवाखान्यासमोर जागा घेतली आणि लॉज काढलं. खाली आमचं राहणं आणि काउंटर, वर पेशंटच्या नातेवाइकांसाठी खोल्या. माणूस काउंटरपाशी उभा राहून म्हणायचा, "काका." माझी मान खाली. "ओ काका." तरी खाली. मग तो तोंड वाकडं करून ओरडला की मी म्हणायचो, "बहिरा नाई मी. बोला." कित्येक जण याच पायी शेजारच्या लॉजात गेले. जाऊ द्या. मी कोणाला धरून ठेवत नाही.

माझी बायको प्रमिला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला तीनदाच हाक मारत आली. "अजीऽ" म्हणते. त्या 'जी'चं शेपूट वर जातं, म्हणजे जणू विचारते आहे, जिता हाय का गेला. हजार बायका "अजी" म्हणत असतील, पण ते शेपूट तिचंच. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या आवाजावर आहे.

मी आभार मानणारा माणूस नाही. दवाखान्यातले लोक "थँक्यू काका" म्हणतात, मी म्हणतो, "खोलीची किल्ली ठेवा." पण प्रमिला आज माझ्यासमोर बसली आहे, धडधाकट आहे, मला टोमणे मारते आहे. त्याबद्दल कोणाचे तरी आभार मला मानायचे आहेत, आणि कोणाचे ते मला सांगता येत नाही. म्हणून जे झालं तेवढं लिहितो.

२

मुलगा पियुष पुण्याला नोकरीत. सून ज्योत्स्ना वर्ध्याला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची, म्हणून ती आमच्याकडेच राहायची. तिनंच काउंटरवर कॉम्प्युटर आणून ठेवला आणि लॉजसाठी एक पान बनवलं. इंटरनेटवर उघडतात तसलं पान. त्यात खोल्यांचे चौकोन. हिरवा म्हणजे रिकामी, लाल म्हणजे भरलेली. मला वाचायची गरज नव्हती, हे तिनं ध्यानात ठेवलं होतं. पोरगी हुशार आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही.

थंडी पडायला लागली त्या सुमारास एका सकाळी चौकोनांच्या वर इंग्रजीत एक ओळ आली. पहिला शब्द जाड, बाकीचे बारीक.

"हे काय होय?" मी विचारलं.

"नोटीस होय बाबा."

"कोणाची? ग्रामपंचायतीची?"

ती हसली. "पान ज्या भाषेत लिहिलं ते चुका सांगते. त्याच्या तीन पायऱ्या समजा. नोटीस म्हणजे, काहीतरी बारीक राह्यलं, पण मी पुढं चाललो. वॉर्निंग म्हणजे, काम बिघडलं, तरी मी कसाबसा पुढं चाललो. अन् फेटल म्हणजे मी इथंच बसलो, आता हलत नाई."

"म्हणजे तिसरी हाक."

"तसंच समजा."

"मग ही पहिली काय म्हणते?"

तिनं वाचलं आणि जवळ सरकून परत वाचलं. "आई नावाचं काही मागितलं अन् ते सापडलं नाई, असं म्हणते."

"आई?"

"हो. पण मी त असं नाव कुठंच टाकलं नाई. खोल्यायले नंबर हायेत निस्ते." तिनं पानाच्या पोटातलं लिखाण उघडलं आणि खाली खाली नेलं. "अन् हे पाहा. हे सारं दोनशे ओळींत संपते. नोटीस सांगते का चूक तीनशेच्या पुढं हाय. तिथं त काहीच नाई."

खरंच काही नव्हतं. शेवटच्या ओळीखाली नुसतं पांढरं होतं. ती ते पांढरं खाली सरकवायला पाहत होती आणि ते सरकत नव्हतं.

"काहीच नाई, त बोलते काऊन?"

"जुनी फाइल कुठं अडकून असन. पाह्यते मी," ती म्हणाली आणि क्लासला गेली.

३

त्याच दुपारी प्रमिला आतल्या खोलीत फोनवर होती. तिची बहीण लीलाबाई आष्टीला असते. दोघी बोलायला लागल्या की तुरीचा भाव, कोणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं होतं. मी काउंटरवर बसून ऐकत होतो. न ऐकून जातो कुठं.

"नाई व, ते म्हातारं कायचं आयकते," प्रमिला म्हणत होती. म्हातारं म्हणजे मी. "मी म्हटलं त्याईले, का गुडघे दुखतात त..."

आणि वरून आवाज आला, "अजीऽ."

शेपूट वर गेलेलं.

आत ती बोलतच होती. "...त दवाखाना समोरच हाय, पण यायले सवड पाह्यजे ना." एकच आवाज एकाच वेळी माझ्या डाव्या कानात घरातून आणि उजव्या कानात जिन्यातून. मी पेन खाली ठेवला.

मनात हिशोब लावला. वर त्या दिवशी फक्त आष्टीचे रूपराव होते. त्यांची बायको दवाखान्यात बेशुद्ध होती आणि ते एकटेच राहत होते. रेडिओ असेल. रेडिओतली बाई कशाला "अजी" म्हणेल, पण असेल. रस्त्यावरून कोणी ओरडलं आणि जिन्यात घुमलं, असंही असेल. मी ओ दिली नाही. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली, ती आली नाही. कॉम्प्युटरवर ती जाड शब्दाची ओळ तशीच होती.

संध्याकाळी ज्योत्स्ना आल्याबरोबर मी म्हटलं, "ते नोटीस काढ तिथून."

"कारण सापडलं नाई अजून, बाबा."

"कारण राहू दे. दिसली नाई पाह्यजे. गिऱ्हाईक पाह्यते त म्हणते, प्रभाकररावच्या लॉजले नोटीस आली."

"झाकता येते. वरती एक ओळ लिहिली का नोटिसा दिसत नाईत. पण झाकली म्हणजे गेली नाई. चूक जागच्या जागीच राह्यते."

"राहू दे ना मग जागच्या जागी. आपल्याले काय करते?"

"मले दोन दिवस शोधू द्या."

"हे लॉज होय, तुहा क्लास नाई. बंद कर."

तिनं केली. चौकोन स्वच्छ झाले.

४

वरच्या मजल्यावर बोळीच्या टोकाला न्हाणी आहे. तेव्हा रोज तासन्‌तास लाइट जायची, त्यामुळं विजेचा हीटर कुचकामी. म्हणून मी गॅसचा गिझर बसवला होता. नळ सोडला की तो 'भक्' करून पेटायचा आणि घुमत राहायचा. भिंतीत वर एक झरोका होता. थंडीत त्यातून वारा येतो अशी गिऱ्हाइकांची कुरकूर, म्हणून मी त्यावर प्लायवूड ठोकलं. पाणी गरम, वारा बंद, लोक खूश. प्रमिलाही तिथंच न्हायला जायला लागली. खाली चुलीवर पाणी तापवून भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, उचलायचा, ते तिच्या गुडघ्यांना सोसत नव्हतं.

काही दिवसांनी पानावर पुन्हा ओळ आली. पहिला शब्द या वेळी वेगळा होता, आकारावरून कळत होतं. त्या दिवशी ज्योत्स्नाला सुटी होती. मी तिला बोलावलं.

"वॉर्निंग," ती म्हणाली आणि ओळ पुन्हा वाचायला लागली.

"बोल ना. का मी शाळेत जाऊ परत?"

"न्हाणी उघडायले गेलो, उघडली नाई, असं म्हणते." तिनं माझ्याकडं पाहिलं. "फाइल उघडत नसन तेव्हा असं येते बाबा, त्यात काही नाई. पण न्हाणी नावाची फाइल मी बनवलीच नाई. अन् ओळ तेच, तीनशेच्या पुढची."

"तोंड दाब तिचं."

"त्याचं एक चिन्ह असते. ज्या ओळीपुढं लावलं ते ओळ गप्प बसते. पण ओळच नाई त चिन्ह लावू कुठं?"

प्रमिला बाजाराला गेली होती. रूपराव दवाखान्यात. मी वर गेलो. म्हटलं, न्हाणीचं दार फुगलं असेल, लाकडाचं काय सांगावं.

न्हाणीला बाहेरून कडी होती. म्हणजे आत कोणी नव्हतं. कडी काढली, दार ढकललं, सरळ उघडलं. फरशी कोरडी. बादली पालथी, तिच्यावर पाण्याचा मग. झरोक्यावर माझं प्लायवूड, चारी खिळे जागेवर. अंधार होता, साबणाचा वास होता, बाकी काही नव्हतं. मी दार लावलं, कडी घातली आणि जिन्याकडं निघालो.

मागून आवाज आला, "अजीऽ."

दाराच्या आतून. गोधडी तोंडावर घेऊन बोलावं तसा दबलेला. आणि फरशीवर मग ठेवल्याचा आवाज.

मी मागं वळलो नाही. पाइप वाजतात. पाणी उतरलं की पाइपातून हवा जाते आणि माणसासारखं वाजतं, हे मला माहीत आहे, नळ मीच जोडून घेतले आहेत. पण पाइपाच्या आवाजाचं शेपूट असं वर जात नाही. बोळीत मी उभा होतो आणि माझ्या मानेवर दाराच्या फटीतून ऊन वाफ येत होती. गिझर बंद होता. कोरड्या न्हाणीतून वाफ कशी येईल. मग पाय खाली उतरायला लागले आणि मी त्यांच्या मागं गेलो.

ओ दिली नाही.

"वॉर्निंगही बंद कर," मी ज्योत्स्नाला म्हटलं.

"मग फक्त फेटल राह्यते. पान पुरतं बसलं तरच कळन."

"तिसऱ्याले पाहू."

"बाबा, तिसऱ्याच्या पुढं चौथी नसते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता. पण घर माझं, काउंटर माझं. तिनं ती ओळ बदलली.

५

त्यानंतर पानावर काही आलं नाही आणि वरून हाकही आली नाही.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. घर असं गप्प झालं की पंख्याचा खटका पाडला तरी दचकायला व्हावं. जिन्याखालून जाताना मी चाल हळू करायचो. कशासाठी, माहीत नाही. सकाळी वर गिझर 'भक्' करायचा, आणि पाणी पडायला लागेपर्यंत मी श्वास धरून बसायचो. हिरवे-लाल चौकोन डोळ्यांपुढं स्वच्छ. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, मस्त केलं तुम्ही कॉम्प्युटरवर." मी त्या चौकोनांच्या वरच्या रिकाम्या जागेकडं पाहत राहायचो. तिथं कोणी तरी बोलतं आहे आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला आहे, असं वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला काहीही वाटतं, म्हणून मी ते कोणाला बोललो नाही.

एक दिवस सकाळी रूपराव काउंटरवर आले. "काका," म्हणाले.

माझी मान खाली. सवयीनं.

दुसरी हाक आली नाही. मी वाट पाहिली. चोरून पाहिलं, तर ते जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, भिंतीकडं पाहत.

"काय पाह्यजे होतं?" मी विचारलं.

"काही नाई. तुम्ही कामात हा."

"काम कायचं. बोला ना."

"दवाखान्यातून निरोप आला. बाई शुद्धीवर आली माही. पाणी मागितलं तिनं." त्यांचे डोळे भरून आले होते. "कोणाले तरी सांगावं वाटलं. जातोच आता तिकडं. पाय कापून राह्यले म्हणून बसलो जरा."

मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. इतकी मोठी गोष्ट, आणि माणसानं हाक मारली ती एकदाच. मी ओ दिली नाही, म्हणून ती गोष्ट तशीच जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली होती. माझ्या आईला हे कसं सुचलं नाही? की एखाद्याला दुसऱ्यांदा हाक मारायची ताकदच नसेल?

ज्योत्स्ना क्लासला निघायला चप्पल घालत होती. मी म्हटलं, "थांब. ते पान उघड. जे जे झाकलं ते सारं दिसू दे."

"आता? मले उशीर..."

"आता."

६

ती चपलेसकटच बसली. वरची ती ओळ शोधली, बदलली, आणि बटन दाबलं.

पान यायला वेळ लागला. मग ओळ आली. तिच्याखाली दुसरी. मग ओळींवर ओळी पडायला लागल्या. चौकोन खाली ढकलले गेले, दिसेनासे झाले, सगळी काच इंग्रजीनं भरली आणि तरी खालून येतच होतं.

"काय म्हणते?"

"तेच." तिचा आवाज बारीक झाला. "आई नाई. आई नाई. न्हाणी उघडत नाई. आई नाई. सारं तेच बाबा."

मी स्वयंपाकघराकडं पाहिलं. ओट्यावर कणीक भिजवून झाकून ठेवलेली. कोणी नाही.

"प्रमिला कुठं हाय?"

"आई न्हायले गेल्या वरती." ती घड्याळाकडं पाहायला लागली. "बराच वेळ झाला."

वरून आवाज आला, "अजीऽ."

पहिली हाक. शेपूट वर गेलेलं, नेहमीचं, अगदी शांत. ओट्यावरून मीठ मागावं तसं.

"ओ," मी म्हणालो. साठ वर्षं जी ओ मी गिळत आलो ती सगळी एकदम बाहेर पडली. "ओ, आलो." खुर्ची मागं पडली. रूपरावांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलं काही नाही, माझ्या मागं जिना चढायला लागले. खालून ज्योत्स्ना ओरडली, "बाबा, पान बसलं. वेळ संपली म्हणते."

न्हाणीला आतून कडी. आत गिझर घुमत होता आणि पाणी बादलीवरून वाहत होतं. बोळीपर्यंत ओघळ आला होता.

"प्रमिला."

आतून काही नाही.

"सरका," रूपराव म्हणाले आणि खांद्यानं दाराला भिडले. मीही भिडलो. कोयंडा चौकटीतून उपटून आला आणि दार आत गेलं ते कशाला तरी अडकलं. प्रमिलाला. ती दारापाशीच पडली होती, कडीकडं हात केलेला, चेहरा लालबुंद. वाफेनं समोरचं काही दिसत नव्हतं. मी तिच्या काखेत हात घातले, रूपरावांनी पाय धरले.

तेव्हा बोळीतली थंड हवा आत शिरली आणि वाफ थोडी बाजूला झाली.

बादलीपाशी पाटावर कोणी तरी बसलं होतं. आमच्याकडं पाठ. ओले केस पाठीवर मोकळे, हातात उचललेला मग. पाणी ओतायचं थांबवून कोणी हाक मारतं आहे का, ते ऐकत बसावं तसं. ती पाठ मी ओळखतो. डाव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग आहे तिला, आमच्या पहिल्या दिवाळीचा. आणि तीच पाठ त्या वेळी माझ्या छातीशी होती, तोच डाग माझ्या मनगटाला लागत होता.

मग वाफ वळली. हातातला तो मग फरशीवर गडगडत येत होता. पाटावर कोणी नव्हतं.

७

दवाखाना समोरच, म्हणून ती वाचली. डॉक्टरीण पोरसवदा होती, पण कामाची. गॅसच्या गिझरनं बंद जागेत हवा विषारी होते, त्याला वासही नसतो, असं तिनं सांगितलं. थोडा वेळ अजून गेला असता तर काही हाती नव्हतं.

"पण आजोबा, तुम्ही वर कसे गेलात?"

"हाक मारली तिनं."

"या अवस्थेत हाक नाही मारता येत. त्याआधीच मारली असेल."

मी वाद घातला नाही. डॉक्टरांशी मी नेहमी वाद घालतो.

बाहेर बाकावर रूपराव बसले होते, ओल्या धोतरानं. स्वतःच्या बायकोकडं जायचं सोडून. मी त्यांच्याशेजारी बसलो. मग त्यांनी हळूच विचारलं, "काका, अन् त्या दुसऱ्या बाई? त्याईले काढलं का कोणी?"

"काढलं," मी म्हणालो.

"बरं झालं," रूपराव म्हणाले आणि उठून बायकोच्या वॉर्डाकडं गेले.

प्रमिलानं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. मी तिला विचारलं, "तू मले हाक मारलती का?"

"मी? मी त केस ओले करून राह्यलीती. मंग डायरेक इथंच." तिचा घसा बसला होता, जीभ नव्हती बसली. "अन् मारली असती त काय फायदा? तुम्ही तिसरीपर्यंत बसले असते मान खाली घालून."

"पहिलीलेच ओ देल्ली."

तिनं नर्सला बोलावलं आणि म्हणाली, "याईलेच तपासा पहिले."

मी हसलो. नर्सला म्हणालो, "थँक्यू बाई." ती माझ्याकडं पाहतच राहिली. मी त्या मजल्यावर दिसेल त्याला म्हणत गेलो. झाडूवाल्याला म्हटलं, लिफ्टवाल्याला म्हटलं, रूपरावांच्या बायकोच्या पायांशी जाऊन तिलाही म्हटलं. तिला काही कळलं नाही. ती म्हणाली, "बसा भाऊजी."

८

प्लायवूड मी हातानं उपटलं. गिझर भंगारात दिला. अंगणात तांब्याचा बंब ठेवला आहे, लाकडं घाला आणि न्हा. प्रमिला खालीच न्हाते आणि दाराला कडी लावत नाही, चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा सोडते.

पानाचं ज्योत्स्नाला सांगून ठेवलं, की आता काही झाकायचं नाही. बारीकसारीक जे असेल ते दिसू दे, गिऱ्हाईक हसलं तर हसू दे. त्या दिवसापासून आईबद्दल काही आलं नाही. तिनं कॉम्प्युटर उलटापालटा केला. तीनशेच्या पुढच्या ओळीचं तिला काही सापडलं नाही. क्लासातल्या मोठ्या सरांनाही दाखवून आणलं. त्यांनी सांगितलं, असं होत नाही. बरं.

मी आता पहिल्या हाकेला ओ देतो. "का..." म्हटलं की माझी ओ. लोक दचकतात. आईनं सांगितलं होतं की जो पहिल्या हाकेला ओ देतो तो आवाजामागं जातो. मी गेलो. गेलो म्हणून प्रमिला आहे. पाटावर जे बसलं होतं ते काय होतं, ते मला कळून घ्यायचं नाही. त्याच्या जागी मी असतो तर इतक्यांदा तोंड दाबणाऱ्याला पुन्हा हाक मारली नसती. त्यानं मारली. वर गेलो की न्हाणीच्या उंबऱ्यावर मी एक फूल ठेवतो. प्रमिला विचारते, "कोणासाठी?" मी म्हणतो, "हाय एक."

परवा सकाळी ज्योत्स्ना काउंटरवर बसली होती आणि मी आलो तसा तिनं कॉम्प्युटरच्या काचेवर तळहात ठेवला.

"काढ हात."

"जुनंच हाय काही तरी, बाबा."

"काढ."

तिनं काढला. पहिला शब्द जाड, नोटिशीचा. पुढं एक छोटा शब्द, त्यात दोन अक्षरं दोनदा आलेली. तेवढं मला वाचता येतं. ती मला दिवसातून पन्नास वेळा त्या नावानं हाक मारते.

तिचे डोळे भरले. "बंद नाई करत," ती म्हणाली. "पण मले पाहवत नाई."

"रडू नको. आता कुठं पहिली आली," मी म्हटलं. "सांगून येऊन राह्यलं, हे काय कमी हाय?"

समोर दवाखान्यात जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तपासायला रक्त दिलं. डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात." मी म्हणालो, "थँक्यू." घरी येऊन सगळ्या खोल्यांत फिरलो. वायरी पाहिल्या, सिलिंडरची नळी पाहिली, गच्चीचा कठडा हलवून पाहिला. काही सापडलं नाही. उद्या परत पाहीन.

दुपारी मी काउंटरवर बसलो होतो. तोंडात सुपारी. प्रमिला बाजूला चटईवर बसून सुपात तूर पाखडत होती आणि लीलाबाईच्या सुनेबद्दल काही सांगत होती.

वरून आवाज आला, "प्रमिला."

घोगरा. तुटक. कोणावर तरी खेकसल्यासारखा. आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच म्हातारा होता.

सूप थांबलं. या खेपेला तिलाही ऐकू गेलं होतं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. ते बंद होतं. तिनं जिन्याकडं पाहिलं. जिना रिकामा होता आणि वरच्या पायरीवर उन्हाचा एक पट्टा होता, तो मधेच कोणी उभं असल्यासारखा तुटला होता.

मी तिला एवढंच सांगू शकलो असतो की भिऊ नको, आणि ती भ्यायलेली नव्हती.

तिनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली. एका हातानं माझा खांदा घट्ट धरला, जिन्याकडं तोंड वर केलं, आणि दुसऱ्या हाकेची वाट न पाहता मोठ्यानं म्हणाली, "ओ."